माणसं काढण्याचं खातं

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नोकरीत ज्यांनी तुम्हाला घडवलं त्यांच्याविषयी लिहा. दिवाळी आहे, जरा प्रसन्न असू द्या." मी म्हटलं, प्रसन्न हवं असेल तर उटण्याच्या कारखानदाराकडून लिहून घ्या. मी सगळी नोकरी पर्सोनेल खात्यात केली. मला घडवणारं माणूस भेटलं, नाही असं नाही. पण त्या माणसाचं पुढे काय केलं गेलं हे मी पाहिलं आहे, आणि ते आठवून प्रसन्न राहणं मला जमत नाही. तरी लिहा, असं ते म्हणाले. तेव्हा जबाबदारी त्यांची.

पर्सोनेल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आता त्याला एच.आर. म्हणतात आणि त्यात टाय लावलेली तरुण मुलं असतात. आमच्या वेळी माणूस नोकरीला घेणं, त्याची हजेरी, रजा, कॅन्टीनच्या आमटीत पाणी किती आणि डाळ किती, दोघं हातघाईवर आले तर त्याची चौकशी, युनियनशी करार, आणि वेळ आली की माणूस काढणं, हे सगळं आमच्याकडे असे. मालकाला वाटायचं आम्ही कामगारांना फितूर आहोत. कामगारांना वाटायचं आम्ही मालकाचे हेर. नारायण पेठेत आमच्या शेजारी कोणी विचारलं तर वडील "कंपनीत असतो" एवढंच सांगून विषय बदलायचे.

पर्सोनेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन मी भोसरीच्या एका कारखान्यात लागलो. तिथे छोट्या विजेच्या मोटरी बनत. माझ्या वरिष्ठ होत्या गजभिये मॅडम, कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसर. मूळच्या नागपूरच्या. वडील तिथल्या गिरणीत कामगार, छप्पन साली दीक्षा घेतलेले. मॅडम समाजकार्याची पदवी घेऊन पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकी म्हणावं इतकं. फक्त संतापल्या की "का" च्या जागी "काहून" यायचं. ते "काहून" ऐकलं की युनियनचे पुढारीसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसत.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे माझा इस्त्रीचा शर्ट आणि माझी पदवी घेऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. "लिमये ना? या आठवड्यात तुम्ही ऑफिसात बसायचं नाही. कॅन्टीनच्या दाराशी उभं राहायचं."

"तिथे काय करू, मॅडम?"

"काही करू नका. कोण कोणाबरोबर जेवायला बसतं आणि कोण एकटं बसतं, तेवढं बघा."

मला तो अपमान वाटला. पण आठवडा संपताना कारखान्यातली सगळी भांडणं, सगळे जुने हेवेदावे मला न विचारता कळले होते. पुस्तकात हा धडा नव्हता.

त्यानंतरची एक गोष्ट सांगतो, कारण पुढचा राग कळायला ती लागेल. वाइंडिंग विभागात शेलार नावाचा कारागीर होता. वाइंडिंग म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळणं. नजरेचं आणि बोटांचं काम. हा शेलार कामावर झोपतो, अशी सुपरवायझरची तक्रार आली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मी चौकशी केली. शेलार काही बोलेना, मान खाली घालून उभा. मी सुंदर इंग्रजीत आरोपपत्र तयार केलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. "त्याच्या जागेवर बसून आलात?"

"त्याच्या जागेवर कशाला?"

"तुम्ही लिहिलंय तो झोपतो. कुठे झोपतो ते बघून या. पूर्ण पाळी बसा."

मे महिना होता. मी दुपारच्या पाळीला शेलारच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे व्हार्निश भाजायची भट्टी होती. गुंडाळलेली तार व्हार्निशमध्ये बुडवून त्या भट्टीत सुकवत. आधी वाइंडिंगची बाकं खिडकीकडे होती. नव्या मांडणीत ती भट्टीच्या भिंतीला आणली होती, आणि भिंतीच्या वरच्या फटीतून तो वास सरळ शेलारच्या डोक्यावर उतरत होता. चहाची सुट्टी व्हायच्या आत मला मळमळायला लागलं. थोड्या वेळाने डोळे आपोआप मिटायला लागले. मला शेलारनेच धरून बाहेर आणलं.

"आधी का नाही बोललास?" मी त्याला विचारलं.

"साहेब, बोललो असतो तर म्हणाले असते, काम नको म्हणून कारणं सांगतो. झोपतो म्हटलं तर निदान दंड करून सोडतील."

मी मॅडमकडे गेलो. मला वाटलं, आता त्या उत्पादनप्रमुखाला, वर्क्स मॅनेजरला, झापतील. त्या उठल्या, माझ्याबरोबर त्याच्या केबिनपर्यंत आल्या आणि दारात म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं. मी मागे उभी राहते."

"मॅडम, ते माझं ऐकणार नाहीत. माझा आवाज कापतो."

"कापला तर कापू द्या. वाक्य पूर्ण करा."

वर्क्स मॅनेजर माझ्यावर ओरडला. बाकं हलवायला उत्पादन थांबवावं लागेल, हे तुझा बाप भरून देणार का, असं म्हणाला. माझा आवाज कापला. वाक्य पूर्ण केलं. मॅडम माझ्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. शेवटी त्याने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "लिमयेंनी सांगितलं तेच." बाकं हलली. आरोपपत्र मी स्वतः फाडलं.

बाहेर आल्यावर त्या मला चहा पाजतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "शर्टावर व्हार्निश लागलंय," आणि निघून गेल्या.

वरिष्ठ हाताखालच्याला काम शिकवतो, त्यात विशेष काही नाही. काम कोणीही शिकवतं. बोलायची पाळी येते तेव्हा स्वतः गप्प राहून त्याला पुढे करणं, आणि तो पुढे झाल्यावर मागून निघून न जाणं, हे करणारी माणसं मी पुढच्या सगळ्या नोकरीत फार पाहिली नाहीत.

मग उदारीकरण आलं. आमच्या कारखान्याने परदेशी भागीदार घेतला. तोवर पर्सोनेल मॅनेजर निवृत्त झाले होते आणि त्यांचं सगळं काम मॅडमच बघत होत्या, बढतीशिवाय. आता ती जागा कायमची भरायची ठरलं, आणि मालकांनी बोलावलं मला.

"लिमये, ही जागा तुम्हाला देतोय."

मी म्हटलं, "साहेब, मॅडम आहेत."

"बाई चांगल्या आहेत. पण परदेशी लोकांसमोर बसायचं आहे. शिवाय त्या जरा कामगारांकडे झुकतात. आणि तुम्ही काय, आपल्यातले आहात."

आपल्यातले. हा शब्द उच्चारताना त्यांनी आवाज जराही खाली आणला नाही. मी तिथे काय बोललो ते इथे लिहिलं तर वाचकांना माझं कौतुक वाटेल, म्हणून लिहीत नाही, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "विचार करा. तुम्हाला नको असेल तर मुंबईहून माणूस बघितला आहे."

मी तसाच मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, "आपल्यातले" सुद्धा. त्या कॅन्टीनच्या कुपनांवर सह्या करत होत्या. सह्या थांबल्या नाहीत.

"मी नाही म्हणून सांगून येतो," मी म्हटलं.

"काहून?"

मी दचकलो.

"तुम्ही नाही म्हणाल, आणि मुंबईहून कोणी येईल. त्याला वाइंडिंग कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसेल. तुमच्या नकाराने मला ती जागा मिळणार आहे का? नाही ना? मग रागवायचं ते मी रागवीन. तो माझा राग आहे, तो तुम्ही वापरू नका. जागा घ्या."

मी जागा घेतली. दुसऱ्या दिवसापासून लोकांसमोर त्या मला "साहेब" म्हणू लागल्या. मी पाया पडायचा बाकी होतो, "मॅडम, असं करू नका." त्या म्हणाल्या, "खुर्चीला म्हणतेय." माझ्या शिक्षिकेला माझ्या हाताखाली बसवणाऱ्या त्या माणसाला पुढे उद्योगरत्न की काय, असा पुरस्कार मिळाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्याने विचारलं, हात दुखतोय का.

परदेशी भागीदाराला कमी माणसं हवी होती. स्वेच्छानिवृत्ती आली. तिच्यात स्वेच्छा कोणाची असते हे सगळ्यांना माहीत आहे. विभागप्रमुखांनी नावं दिली आणि मॅडम एकेका विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये जाऊन बसू लागल्या. "हा का? याच्या जागी कोण करणार? तुम्ही करणार?" कुणी कंटाळून, कुणी लाजून नावं मागे घेतली. शेलारही राहिला. मी बढतीच्या खुर्चीतून त्यांच्या मागे उभा राहायचो, तेवढंच मला जमत होतं. शेवटी मालक मला म्हणाले, बाईंनाही आता मोकळं करा. मी मॅडमकडे जायच्या आत त्यांनी स्वतःचा अर्ज दिला होता. "त्यांना मागू द्यायचं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. वारज्याला घर घेतलं होतं, तिथे राहायला गेल्या.

काही वर्षांनी मीही कारखाना सोडला आणि पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एच.आर.चा प्रमुख म्हणून, ठरावीक मुदतीच्या करारावर, गेलो. काचेची इमारत, सगळे एकमेकांना नावाने हाक मारणारे. मला "सर" म्हणत ते केसांकडे पाहून. इथे प्रत्येक नव्या मुलाला एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, नेमून दिलेला असे. मेंटॉरने महिन्यातून एकदा मुलाला कॉफी प्यायला न्यायचं, संगणकावर चार खुणा करायच्या, संपलं. या मेंटॉर मंडळींत सगळ्यांत नावाजलेला निखिल, एका मोठ्या प्रोजेक्टचा प्रमुख. हुशार, हसरा. त्याच्या हाताखालच्या मुलांचा त्याच्यावर जीव. तो त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा. मलाही तो आवडायचा, हे सांगायला हवं.

अमेरिकेत मंदी आली आणि माणसं काढायची ठरली. काढायची म्हणायचं नाही. मोकळी करायची. नावं निखिलसारख्या प्रमुखांनीच दिली. मी म्हटलं, प्रत्येकाने आपापल्या मुलाला समोर बसवून स्वतः सांगावं, आम्ही शेजारी बसू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तो दिवस उजाडला तेव्हा एकही प्रमुख इमारतीत नव्हता. सगळे मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर गेले होते. नेतृत्वविकासाचं शिबिर होतं.

उरलो मी आणि माझ्या खात्यातली नेहा. तिची पहिलीच नोकरी. आम्ही एकेकाला बोलावत होतो. दुपारी अमोल नावाचा मुलगा आला, अमरावतीकडचा, निखिलच्या प्रोजेक्टवरचा. तो हसत आला. "सर, निखिल म्हणालाय, एच.आर. बोलावेल, जाऊन ये, काळजी करू नको." त्याला वाटलं होतं बढती आहे. मी सांगितलं तसा तो म्हणाला, "काहीतरी मिस्टेक असेल सर. निखिल माझा मेंटॉर आहे. त्याला माहीत नसणार." त्याने तिथूनच निखिलला फोन लावला. फोन कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

मग मी माझ्या फोनवरून लावला आणि फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. विचार करून केला. निखिलने लगेच उचलला.

"हां सर. अमोलचं झालं का? रडला वगैरे नाही ना?"

मागे कुणीतरी हसत होतं, थाळ्यांचा आवाज येत होता. अमोल उठला. त्याने गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून फोनवर ठेवलं आणि निघून गेला. नेहा त्याच्या मागे धावली, त्याची बॅग घेऊन, पार बसथांब्यापर्यंत.

निखिलने माझी तक्रार केली. अव्यावसायिक वर्तन. मला समज देण्यात आली.

त्या रविवारी मी वारज्याला गेलो. खरं सांगायचं तर मला मॅडमकडून "बरं केलंत" ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं. प्रत्येकाला बसवून सांगितलं, घाई केली नाही, सुरक्षारक्षकाच्या हवाली कुणाला केलं नाही. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यातल्या किती जणांसाठी भांडलात?"

"मॅडम, नावं वरून आली होती."

"वरूनच येतात. खालून कधी आली होती?"

त्या थांबल्या नाहीत.

"त्यांना हे काम नीट करणारा माणूस हवा होता, लिमये, आणि तुम्ही त्यांना तो मिळवून दिलात. मुलं ओरडली नाहीत, काचा फुटल्या नाहीत, ते तिकडे जेवत बसले. माणसांशी कसं बोलायचं हे मी तुम्हाला यासाठी शिकवलं होतं का? काहून शिकवलं मी तुम्हाला?"

मला इतका राग आला की मी उभाच राहिलो. "आणि तुम्ही? तुम्ही अर्ज देऊन मोकळ्या झालात. मला तिथे एकट्याला टाकून."

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या म्हणाल्या, "हो. थांबायला हवं होतं. मी दमले होते." आणि मग, "तुम्ही अजून दमलेले दिसत नाही. आवाज चांगला लागतोय."

वर्षभरात दुसरी फेरी आली. या वेळी मी बैठकीत सांगितलं, आमचं खातं एकालाही सांगणार नाही. ज्याने नाव दिलं त्याने स्वतः समोर बसून, कारणासकट सांगायचं. शिबिरं असतील तर ती पुढे ढकला.

निखिल म्हणाला, "मग सर, एच.आर.चं काम तरी काय?"

मी उत्तर देणार होतो, पण नेहाकडे पाहिलं आणि गप्प बसलो. ती वहीवर पेन आपटत होती. ती म्हणाली, "आमचं काम? मागच्या वेळी मी अमोलची बॅग घेऊन पळत होते, निखिल. या वेळी तू पळ." सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी तिला आवरीन म्हणून. मी म्हटलं, "नेहाने सांगितलं तेच."

पुढे जे घडलं ते मी कधी विसरणार नाही. समोर बसून, डोळ्यांत बघून सांगायचं म्हटल्यावर निम्मी नावं आपोआप गळाली. कुणाला आठवलं की तो मुलगा तसा कामाचा आहे. कुणाला दुसऱ्या प्रोजेक्टवर जागा सापडली. म्हणजे पहिल्या फेरीतही ती सापडली असती! अमोललाही सापडली असती! नुसतं तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून मुलांच्या नोकऱ्या गेल्या. मला या गोष्टीचा जितका संताप येतो तितका मालकाच्या "आपल्यातले" या शब्दाचाही येत नाही. तो माणूस निदान मला समोर बसवून बोलला होता.

माझी मुदत पुढे वाढवली नाही, ते ओघानेच आलं. नेहाने नोकरी बदलली. आता ती दुसऱ्या कंपनीत खात्याची प्रमुख आहे आणि तिच्या हाताखालची मुलं तिला घाबरून असतात, असं ऐकतो. ऐकून बरं वाटतं.

गेल्या वर्षी त्या सॉफ्टवेअर कंपनीचा एक समारंभ झाला. मोठ्या हॉटेलात. जुन्या लोकांनाही बोलावलं होतं. निखिल आता पुण्याच्या शाखेचा सर्वेसर्वा आहे आणि त्याला उत्कृष्ट मेंटॉर म्हणून गौरवलं गेलं. भाषणात तो म्हणाला, "माणसांशी अवघड विषयावर कसं बोलावं, हे मी लिमये सरांकडून शिकलो. ते माझे मेंटॉर." टाळ्या झाल्या. मला व्यासपीठावर बोलावलं. शाल, नारळ घेऊन एक मुलगी उभी होती.

मी माइक हातात घेतला. "निखिल यांना मी काहीही शिकवलेलं नाही," मी म्हटलं. "कृपया तशी दुरुस्ती करावी. मला ज्यांनी शिकवलं त्या गजभिये मॅडम वारज्याला राहतात. त्यांना कुठल्याही कंपनीने कधी व्यासपीठावर बोलावलेलं नाही, कारण त्यांनी कधी वरच्यांची सोय बघितली नाही." आणि माइक त्या मुलीच्या हातात देऊन मी खाली उतरलो.

गाड्या लावल्या होत्या तिथे येऊन मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"शाल घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नारळ?"

"तोही नाही."

"नारळ घ्यायचा हो. चटणीला झाला असता," असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या. मी त्यांना इतक्या मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

मी हसलो नाही. माझा राग उतरला नव्हता. अजूनही उतरलेला नाही, आणि तो उतरावा म्हणून मी काही करणारही नाही.